कापसाच्या खोलीतला सा

टाळी वाजवली आणि ती जागीच मेली.

जानेवारी २०२३. घराची मागची खोली, बारा बाय पंधरा, माझ्या छातीपर्यंत कापसाने भरलेली. दाराशी एक खाट मावेल एवढी जागा तेवढी मोकळी. मांजरीने पिल्लं कुठे घातली ते बघायला मी आत शिरलो होतो. ती दिसेना म्हणून हुसकायला टाळी वाजवली आणि मांजर विसरून तिथेच उभा राहिलो. पुण्यात सहा वर्षं एका डबिंग स्टुडिओत काढली आहेत. कुठल्याही खोलीत शिरलं की टाळी वाजवून बघायची खोड तिथली. भिंती काहीतरी उत्तर देतातच. सिमेंटची खोली खणखणीत देते, लाकडी पाटणीची जरा घोगरं. इथे कोणीच काही बोललं नाही.

पुन्हा वाजवली. पुन्हा तेच. स्वतःचा श्वास कानाजवळ आला.

त्या वर्षी आमच्या यवतमाळच्या दारव्हा तालुक्यात कापूस घरात नाही असं घर शोधावं लागलं असतं. कारण आदल्या हंगामात कापसाच्या भावाने क्विंटलला दहा हजार ओलांडले होते आणि तो आकडा सगळ्यांच्या डोक्यात जाऊन बसला होता. सरकारचा हमीभाव मध्यम धाग्याला ६०८० आणि लांब धाग्याला ६३८०. डिसेंबरात व्यापारी साडेआठ हजार देत होता, वर ओलावा जास्त आहे म्हणून वजनात काटायचं ते वेगळंच. बाबा म्हणाले, "मार्चमधी दहा होईन. थांबून पाहू." शेजारचे थांबले होते, समोरचे थांबले होते. बावीस क्विंटल कापूस मागच्या खोलीत गेला आणि माझा स्टुडिओ तयार झाला.

यात अतिशयोक्ती नाही. पुण्याच्या स्टुडिओत भिंतींना दोन इंची फोमचे चौकोन चिकटवले होते. दिसायला झकास, पण त्यांनी फक्त चिरके आवाज मरतात. आवाज म्हणजे हवेचं मागेपुढे होणं; तंतूंच्या गुंत्यात ती हवा घासते, त्या घासण्याची नखभर ऊब होते आणि आवाज संपतो. खर्ज मात्र चिवट. सेकंदाला शंभर वेळा हलणाऱ्या, म्हणजे शंभर हर्ट्झच्या, लाटेची लांबी साडेतीन मीटर, आणि तिला नीट धरायचं तर तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी, म्हणजे तीनेक फूट जाडी लागते. एवढा फोम कोण लावतो? आमच्याकडे साडेचार फूट कापूस होता, तोही सरकीसकट.

माझ्याकडे तेव्हा दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस, दोन सेकंडहँड कंडेन्सर माइक, स्टुडिओतून निरोप म्हणून मिळालेला हेडफोन आणि जुना लॅपटॉप. सगळं मिळून एकोणीस हजारांचं. २०२० च्या टाळेबंदीत गावी आलो तो परत गेलोच नाही. लग्नाच्या व्हिडिओंचे आवाज साफ करून देतो, भजनी मंडळांची रेकॉर्डिंगं करतो, त्यावर माझा खर्च निघतो. अल्बम करायचं कधीपासून डोक्यात होतं, पण त्यात ना गाणं, ना तबला, ना कडवं-धृपद. मित्राला सांगितलं तर म्हणाला, "हे फॉरेनचं फॅड आहे." तसं ते पूर्ण खोटंही नाही. १९४८ साली पॅरिसच्या रेडिओत पिएर शेफर नावाच्या इंजिनियरने रेल्वे इंजिनांचे आवाज कापून-जोडून संगीत म्हणून ऐकवलं. पण १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतही मूग नावाचा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज घडवणारं वाद्य, आला होता आणि आपली माणसं त्यावर आवाजाचे प्रयोग करत होती. मित्राला हे सांगितलं नाही. त्याला डीजेचा धंदा आहे, त्याने मला दोन स्टँड फुकट दिलेत.

पहिली रात्र घरघरीत गेली. माइक लावला, हेडफोन चढवला, आणि कापसाच्या त्या गिळून टाकणाऱ्या शांततेच्या मधोमध एक "घूंऽऽ". केबल बदलली, तसंच. लॅपटॉपचा चार्जर काढला, तर आवाज अर्ध्यावर आला. म्हणजे चोर वायरिंगमध्ये. सकाळी गावातल्या वायरमनला बोलावलं. त्याने मीटरपाशी बघितलं, मग घरामागे जाऊन अर्थिंगचा खड्डा बघितला आणि हसला. आमची जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, पाणी ओसरलं की आखडते, भेगा पडतात. खड्ड्यातला मीठ-कोळसा कधीच कोरडा पडलेला, पाइपला मातीचा स्पर्श उरलेला नाही. "दोन बादल्या पाणी टाका रोज," तो म्हणाला, "लेकरावानी सांभाळा लागते याले."

तेव्हापासून माझं रेकॉर्डिंग विहिरीवर सुरू व्हायचं. संध्याकाळी दोन बादल्या आणायच्या, अर्थिंगच्या खड्ड्यात हळूहळू सोडायच्या. माती आधी पाणी घेतच नाही, वर तळं करून ठेवते. मग एखादी भेग तोंड उघडते आणि गटकन् सगळं आत. पाच-दहा मिनिटांनी आत जाऊन हेडफोन लावायचा. घूं गेलेली असायची. आई म्हणायची, तुळशीले घालत नाहीस एवढं पाणी त्या खड्ड्याले घालतं.

आता खरी गंमत. घूं गेली त्या रात्री मी खुशीत बाहेर आलो. बारा वाजून गेलेले. त्या आठवड्यात शेतीची लाईन रात्रीची होती. अंगणात उभा राहिलो तर तीच घूं, हवेत. घरामागच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, डीपी आहे, विजेचा ट्रान्सफॉर्मर. तिथून येत होती. जन्मापासून ती तिथे असेल. मी ऐकली मात्र त्या रात्री. डीपीच्या पोटातलं लोखंड विजेच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा ताणतं-आखडतं. वीज पन्नास हर्ट्झची, म्हणून घूं शंभरची. आत जाऊन भजनी मंडळाची पेटी काढली. पांढरी पाच म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी; तिचा खर्ज अठ्ठ्याण्णव हर्ट्झच्या आसपास असतो. डीपी त्याच्या किंचित वर. दोन्ही एकत्र ऐकले की सुरात हेलकावे पडतात, अठ्ठ्याण्णव आणि शंभरमधल्या फरकाएवढे, सेकंदाला दोन. मिनिटाला एकशेवीस. चांगली चालती लय झाली की ही!

माइक तारेच्या कुंपणाला बांधला, डीपीपासून दहा-बारा फुटांवर. कापसाच्या खोलीत दुसऱ्या माइकसमोर पेटी. पांढरी पाच दाबून धरली आणि भाता एका चालीत हलवत राहिलो. दीड तास. लय एकशेवीसवर राहत नव्हती, कधी एकशेदहाकडे उतरायची, कधी थोडी चढायची. आधी पेटीवर संशय घेतला. मग आठवलं की विजेचा हर्ट्झ काही खिळा ठोकल्यासारखा पन्नासवर नसतो. मागणी वाढली की उतरतो, घटली की चढतो, ४९.९० ते ५०.०५ च्या दरम्यान ठेवायचा असं ग्रीडवाल्यांचं पथ्य. आणि ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाईन जोडली गेल्यापासून देशभराचं ग्रीड एकच. म्हणजे त्या क्षणी पंजाबातली डीपी आणि आमच्या धुऱ्यावरची डीपी एकाच सुरात गात होत्या, आणि कुठेतरी हजारो मोटारी एकदम चालू झाल्या की माझ्या पेटीची लय उतरत होती. मला हसू आलं. आमच्याच विदर्भात चंद्रपूरला २९२० मेगावॅटचं वीज केंद्र, कोराडी आहे, पारस आहे, आणि आमच्या हरभऱ्याला वीज मिळते ती रात्री बारानंतर.

हरभऱ्यावरून भांडणही झालं. रात्रीची लाईन आली की मला डीपी हवी आणि बाबांना ओलितासाठी माणूस. एका रात्री पेटी सुरू करून वीस मिनिटं झाली असतील, खिडकीतून आवाज आला, "मोटार बंद पडली पाय. जाय बरं लवकर." मी वैतागलो. पेटी सोडली, पण रेकॉर्डिंग बंद करायचं राहून गेलं. परतलो तेव्हा पहाट होत आली होती. दुसऱ्या दिवशी ऐकलं. माझ्या चपला दूर जातात, कुत्रं भुंकून थांबतं, बाबांचा खोकला. मग बराच वेळ नुसती डीपी. मग विहिरीवरची मोटार चालू होते आणि त्या क्षणी डीपीचा आवाज बदलतो. एखादा माणूस ओझं उचलताना "हं" म्हणतो तसा. चपलांपासून इथपर्यंत सतरा मिनिटं. अल्बममधला तिसरा तुकडा तोच आहे. त्यात मी काहीही वाजवलेलं नाही आणि मधलं एक सेकंदही कापलेलं नाही. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण तिथेच सोडून जातात, हेही सांगून टाकतो.

आत्याचा आवाज हवाच होता. आमच्याकडे भुलाबाईची गाणी तिच्याइतकी कोणाला येत नाहीत. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत तिच्या ओसरीत पोरी जमतात. मी जानेवारीत गेलो आणि गाणी म्हण म्हणालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पौषात आंबा मागितला असावा. "भुलाबाई गेली ना बे कोजागिरीले. आता म्हटलं त थे कोणाले आयकू जाईन?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. मग जात्यावरच्या ओव्यांवर तडजोड झाली, त्यांना ऋतू नाही.

तिला कापसाच्या खोलीत आणलं, खाटेवर बसवलं. पहिली ओवी अर्ध्यात थांबवून म्हणाली, "माहा आवाज कोणं घेतला?" मला वाटलं गंमत करते. पण तिने पुन्हा सुरू केलं, पुन्हा थांबली, आणि या वेळी तिचा चेहरा घाबरला होता. जन्मभर जातं, भिंत, ओसरी, अंगण, कुणीतरी तिचा आवाज तिला परत देत आलं होतं. इथे तोंडातून निघाला की गेला. मी स्टुडिओतली युक्ती केली, हेडफोनमध्ये तिच्या आवाजाला थोडी खोटी गुंज लावून दिली. हेडफोन काढून ठेवत ती म्हणाली, "थे दुसरी बाई म्हणून राह्यली." मग आम्ही तिच्याच घरी गेलो. तिने खरंच जात्यावर मूठभर डाळ घेतली, कारण हात रिकामे असले की ओवी सुचत नाही. रेकॉर्डिंगमध्ये कोठ्यातली गाय आहे, शेजारची मोटारसायकल आहे. मी जन्मात एवढं चांगलं रेकॉर्डिंग केलेलं नाही.

अडचण एकच. आत्याचा सा काळी चारच्या आसपास, डीपीचा पांढरी पाचच्या वर. जुळेना. आवाज सॉफ्टवेअरमध्ये हवा तसा खालीवर सरकवता येतो, मीही सरकवला. डीपीशी चोख जुळला. ऐकलं तर आत्या कोणत्यातरी सरकारी जाहिरातीत गात असावी तशी वाटली. शेवटी तिला तिच्या जागी राहू दिलं आणि डीपीला त्या तुकड्यातून उठवलं.

दारव्ह्याजवळ शकुंतलेच्या रुळांवर दगड मारून आवाज घेतले, ते वापरले पण त्यात फार दम नाही. शकुंतला म्हणजे इथला कापूस मुंबईकडे नेण्यासाठी टाकलेली अरुंद रेल्वे लाईन, १९९४ पर्यंत वाफेवर धावली, आता गाडी बंद आणि रुळांत गवत. सगळेच जण तिथे जाऊन हळवे होतात. मीही झालो, तो तुकडा दोन मिनिटांचा ठेवला.

एक तुकडा मात्र काढून टाकला. पाठीवरचा फवारणी पंप साध्या पाण्याने भरून वाजवून पाहिला होता. दांडा खाली, खटक, नोजलमधून फुस्स. खटक-फुस्स, खटक-फुस्स. ड्रमवर ब्रश फिरवावा तसा, आणि त्यावर पेटी बसवली तर अंग डोलायला लागलं. आई दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "हे काढ." एवढंच. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विष अंगात भिनून वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. तेव्हा मी पुण्यात होतो, बातमी वाचली होती. आई इथे होती. त्या पंपावर ठेका धरणं मला जमलं नव्हतं असं नाही. फार छान जमलं होतं, तेच वाईट होतं. फाइल हार्डडिस्कवर आहे, उघडत नाही.

मार्च आला. दहा झाले नाहीत. आठ झाले, मग पावणेआठ. बाबा रोज संध्याकाळी फोनवर भाव बघायचे आणि फोन उपडा ठेवायचे. मी त्यांच्यासमोर हेडफोन घालून आत जायचो. मनात काय होतं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो: अजून चार तुकडे बाकी होते आणि भाव आणखी महिनाभर चढू नये असं मला वाटत होतं. चढला असता तर त्याच दिवशी गाडी लागली असती.

एप्रिल-मेमध्ये त्या खोलीत बसणं म्हणजे शिक्षा. बाहेर चव्वेचाळीस अंश. घरातला कूलर चालू असला की त्याची ढणढण भिंतीतून आत येते, म्हणून तासभर बंद ठेवायला लावायचो आणि तो तासभर घरातले सगळे माझ्या नावाने खडे फोडायचे. त्यात साठवलेल्या कापसात किडे झाले. अंगाला खाज सुटायची, दंडावर, मानेवर लाल पुरळ. त्या उन्हाळ्यात गावोगाव हीच तक्रार होती. दोन ठिकाणी पेटीच्या मागे बारीक खरखर ऐकू येते, ते मी मान खाजवतोय. साफ करता आली असती. नाही केली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बाबांनी हात टेकले. मृग तोंडावर, बियाण्याला पैसे हवे. भाव सात हजार शंभर. सकाळी सहाला गाडी लागली, चार माणसं आली. दोघं टोपल्यांनी कापूस बाहेर काढत होती, दोघं गाडीत तुडवत होती. मला आदल्या रात्रीच सुचलं होतं. दाराशी खाट होती तिथे माइक लावला आणि दर दहा मिनिटांनी माणसांना थांबवून एक टाळी वाजवली. पहिल्या दोन तशाच मुक्या. तिसरीला वरची भिंत उघडी पडली होती, टाळीला बारीकशी शेपूट आली. पाचवीला कोपरा बोलला. मजूर हसत होते, मग त्यांनाच चाळा लागला, "भाऊ, हाणा आता, खोली लय खाली झाली." बाबा बाहेरून आले. अंगभर कापूस, मिशीतसुद्धा.

"तू टाळ्या कायले वाजवून राह्यला बे? कापूस सात हजारानं चालला."

हे वाक्य रेकॉर्डिंगमध्ये आहे. नवव्या आणि दहाव्या टाळीच्या मधे. त्यांना विचारून ठेवलं. "ठेव, खोटं थोडीच हाय," म्हणाले. चौदावी टाळी पूर्ण रिकाम्या खोलीतली आहे. ती इतकी घुमते की माझं मलाच दचकायला झालं. तो शेवटचा तुकडा, चौदा टाळ्यांचा.

अल्बमला खर्च किती आला असं पुण्याचे मित्र विचारतात. मी एकोणीस हजार सांगायचो. आता खरं सांगतो. साडेआठ हजार आणि सात हजार शंभर यांत चौदाशेचा फरक, गुणिले बावीस क्विंटल, म्हणजे तीस हजार आठशे. वाळून वजनात घट आली ती धरलेली नाही. खोलीचं भाडं.

ऑगस्टमध्ये अल्बम बँडकॅम्प या संगीत विकायच्या साइटवर टाकला, इतर ठिकाणीही. नऊ जणांनी विकत घेतला, त्यांतले तीन ओळखीचे. जपानमधल्या एकाने डीपीच्या तुकड्याबद्दल लांबलचक लिहून विचारलं की हे वाद्य कोणतं. स्पॉटिफायचा २०२४ पासून नियम आहे, वर्षभरात हजार वेळा ऐकलं गेलं तरच त्या ट्रॅकचे पैसे. माझा सर्वांत चाललेला ट्रॅक आत्याचा, दोनशे बारा. तिला आकडा सांगितला तर म्हणाली, "एवढ्या बाया!"

बाबांनी तो एकदाच ऐकला, ओसरीत खाटेवर पडून, डोळे मिटून. डीपीच्या तुकड्यात सहाव्या मिनिटाला त्यांचा स्वतःचा खोकला आला तेव्हा उठून बसले आणि म्हणाले, त्या दिवशी मोटारीचं स्टार्टर खराब होतं, आवाजावरूनच समजते. पुढचं ऐकलं की नाही माहीत नाही.

पुढच्या नोव्हेंबरात पहिला वेचा झाला. हमीभाव ६६२० आणि ७०२० झालेला, बाजार त्याच्याच आगेमागे. या वेळी घरात ठेवायचं नाही असं बाबांनी दसऱ्यालाच जाहीर केलं होतं. गाडी अंगणातच लागली, कापूस वावरातून थेट तिच्यात. मी मागच्या खोलीला तोवर गोधड्या टांगून घेतल्या होत्या; तेवढ्याने काही होत नाही, टाळी परत येतेच.

संध्याकाळी यवतमाळहून आलो तर खोलीच्या कोपऱ्यात, माइकचा स्टँड असतो त्याच्या मागे, कापसाचा ढीग. दोनेक क्विंटल असेल, भिंतीला नीट थापून कमरेपर्यंत रचलेला.

"हा कायचा?"

"ओला हाय," बाबा न बघता म्हणाले. "व्यापारी काटते ओल्याले. वाळला का इकू."

ते हातपाय धुवायला गेल्यावर मी ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाहिला. कोरडा होता.